आधी टाकी, मग कासव

ईदचे दिवस सरले की मुलांच्या हातात ईदी असते आणि बाजारातल्या फिश टँकच्या दुकानात गर्दी होते. तिथे काउंटरवर प्लास्टिकचे एक भांडे हमखास दिसते. त्यात चार बोटे पाणी, मधोमध प्लास्टिकचे ताडाचे झाड आणि त्याभोवती धडपडणारी हिरवी पिल्ले. एकेक पिल्लू दहा रुपयांच्या नाण्याहून थोडेसेच मोठे. मुले हट्ट धरतात. दुकानदार सांगतो, "हे एवढेच राहते, दोन दाणे टाकले की झाले." भांड्यासकट कासव घरी येते.

दुकानदाराची दोन्ही विधाने खोटी आहेत. ते एवढेच राहत नाही आणि दोन दाण्यांवर भागत नाही. त्या भांड्यात पिल्लू मोठे झाले तर नशीब, बहुतेक पिल्ले त्याआधीच मरतात. म्हणून ज्या घरात कासवाचा विषय निघाला आहे, त्या घरातल्या आई-वडिलांनी आधी टाकीचा हिशेब करावा आणि मग हो किंवा नाही म्हणावे. तो हिशेब या लेखात मांडला आहे.

हे कासव कुठले?

आपल्याकडे दुकानात मिळणारे कासव बहुतेक वेळा रेड-इअर्ड स्लायडर असते. डोळ्यामागे लाल पट्टा ही त्याची खूण. याचे मूळ घर अमेरिकेत, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात. संथ पाणी, चिखलाचा तळ आणि उन्हात अंग शेकायला ओंडके, अशा ठिकाणी ते राहते. जन्मतः याची पाठ सुमारे तीन सेंटिमीटर असते. नर वीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो, मादी पंचवीस ते तीस सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे जेवणाच्या थाळीएवढी. नीट सांभाळले तर वीस-तीस वर्षे सहज जगते. आज दहा वर्षांच्या मुलासाठी आणलेले कासव त्या मुलाच्या लग्नानंतरही घरात असू शकते. ही जबाबदारी शेवटी कोणाच्या गळ्यात पडते, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे.

मुले मोबाईलवर आणखी एक कासव पाहतात, स्नॅपिंग टर्टल. काठी तोंडात धरून कडकन मोडणारे. हे उत्तर अमेरिकेतले कासव. त्याच्या पोटाकडचे कवच लहान असल्यामुळे त्याला अंग पूर्ण आत घेता येत नाही, म्हणून ते चावून स्वतःचा बचाव करते. मोठे झाल्यावर ते दहा-पंधरा किलोचे होऊ शकते आणि त्याची मान आपल्या अंदाजापेक्षा खूप लांब पोहोचते. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०२३ पासून निर्बंध वाढले आहेत. भारतात असे विदेशी प्राणी बाळगायचे तर त्यांची सरकारदरबारी नोंदणी लागते. लहान मुलांच्या घरात त्याला जागा नाही, एवढे सांगून तो विषय संपवू.

तळ्यातले, विहिरीतले कासव आणू नका

काही घरांत कासव दुकानातून येत नाही, ते मामाच्या गावच्या विहिरीतून येते. इथे सावध राहायला हवे. आपल्या तळ्या-विहिरींतली कासवे आणि पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेले जमिनीवरचे स्टार कासव यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ती पकडणे, विकणे, विकत घेणे आणि घरात ठेवणे हा गुन्हा आहे. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. "आम्हाला माहीत नव्हते" हे उत्तर तिथे चालत नाही.

याच्या जोडीला वहम आहेच. कासव घरात ठेवले की बरकत येते, दुकानाच्या गल्ल्याजवळ ठेवले की धंदा चालतो, वीस नखांच्या कासवावर अमल केला की पैशांचा पाऊस पडतो, असे सांगणारे भामटे गावोगावी आहेत. अशा कासवांच्या तस्करीच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात, आणि फसणाऱ्यांत आपलीही माणसे असतात. रोजी देणारा अल्लाह आहे, हे ज्याच्या ईमानात आहे त्याने एका मुक्या जिवाच्या नखांत बरकत शोधावी, यासारखी दुसरी शोकांतिका नाही.

देशी कासवांना असलेले संरक्षण लाल पट्ट्याच्या परदेशी कासवाला नाही, म्हणून ते दुकानात उघड विकले जाते. पुढचा हिशेब त्याचा आहे.

टाकी केवढी?

जाणकार लोक एक साधे माप वापरतात. कासवाच्या पाठीच्या लांबीच्या दर सेंटिमीटरला सुमारे पंधरा लिटर पाणी. सातवी-आठवीच्या मुलाला वही-पेन्सिल देऊन हे गणित करायला सांगा. हट्टावर यापेक्षा चांगला उपाय मला तरी माहीत नाही.

पाच सेंटिमीटरच्या पिल्लाला ७५ लिटर पाणी लागते. पंचवीस सेंटिमीटरच्या मादीला ३७५ लिटर. पाच फूट लांब आणि दोन फूट रुंद टाकीत ३७५ लिटर पाणी भरले तर ते सुमारे ४० सेंटिमीटर उंच येते. कासवाला पोहण्यासाठी पाण्याची खोली त्याच्या पाठीच्या किमान दीडपट हवी, म्हणजे हे माप बरोबर बसते. पाण्याच्या वर निदान वीस सेंटिमीटर काच मोकळी ठेवावी, कारण कासव दिसते तितके भोळे नसते. ते चढते, पडते आणि पळते. म्हणून टाकी दोन फूट उंच घ्यावी आणि वर तारेची जाळी बसवावी.

आता वजनाचा हिशेब. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ३७५ किलो पाणी, वर काच, दगड आणि स्टँड. सात-आठ माणसे कायम एकाच कोपऱ्यात उभी आहेत असे समजा. जुन्या इमारतीत, चाळीत किंवा लाकडी पाटणीच्या घरात ही टाकी खोलीच्या मधोमध ठेवू नये. खाली भक्कम भिंत किंवा बीम असलेली जागा निवडावी आणि शंका असेल तर जाणकार मिस्त्रीला विचारावे.

काचच हवी असे नाही. गावाकडे अंगणात सिमेंटचा हौज असेल किंवा मोठी चौकोनी प्लास्टिकची टाकी मिळत असेल तर ती स्वस्त पडते आणि जास्त प्रशस्त असते. मात्र वर मजबूत जाळी हवी. मांजर, कुत्रा, कावळा आणि घार या सगळ्यांचा लहान कासवावर डोळा असतो. हौजाच्या अर्ध्या भागावर कायमची सावलीही हवी.

बसायची जागा आणि ऊन

हे कासव पाण्यात राहते, पण पूर्ण वेळ नाही. दिवसातले काही तास त्याला पाण्याबाहेर येऊन पूर्ण कोरडे व्हावे लागते. तसे झाले नाही तर कवचाला बुरशी लागते आणि ते कुजते. म्हणून टाकीत पाण्याच्या वर येणारा एक ओटा हवा. त्याला उतार हवा, पृष्ठभाग खरखरीत हवा आणि कासवाचे पूर्ण वजन पेलण्याइतका तो पक्का हवा. एकावर एक रचलेल्या विटा कोसळतात आणि खाली अडकलेले कासव बुडून मरते. होय, कासवही बुडते. त्याला फुप्फुसे आहेत आणि श्वास घ्यायला त्याला वर यावेच लागते.

ओट्यावर ऊब हवी, साधारण ३० ते ३२ अंश. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे उन्हातले अतिनील किरण. या किरणांमुळे कासवाच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्यामुळे कॅल्शियम हाडांत व कवचात मुरते. किरण मिळाले नाहीत तर कवच मऊ पडते, वाकडे होते, पाय लुळे होतात. घरोघरी मरणारी कित्येक पिल्ले याच कारणाने मरतात.

इथे बरेच लोक फसतात. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन चालत नाही, कारण हे किरण काच अडवते. उघड्या गच्चीवर किंवा गॅलरीत थेट ऊन मिळाले तरच उपयोग. पण एप्रिल-मेमध्ये नागपूर, अकोला, जालना भागात पसरट टबात कासव ठेवून उन्हात सोडले तर अर्ध्या तासात त्या टबाचे पातेले होते. ऊन सकाळचे कोवळे असावे, अर्ध्या टबावर सावली असावी आणि कोणीतरी मोठे माणूस जवळ असावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात आठवडे-आठवडे ऊन पडत नाही. तिथे यूव्हीबी असे लिहिलेला खास दिवा घ्यावा लागतो. तो ओट्यावर, डब्यावर सांगितलेल्या अंतरावर, मध्ये काच न ठेवता लावावा आणि रोज दहा-बारा तास चालू ठेवावा. दिवा दिसायला पेटत राहतो, पण त्यातले किरण हळूहळू संपतात. म्हणून सहा महिन्यांनी ते वर्षाने तो बदलावा लागतो.

पाणी

कासव पाण्यातच खाते आणि पाण्यातच घाण करते. माशांपेक्षा त्याची घाण कितीतरी जास्त. या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो डोळ्यांना आणि कातडीला जाळतो. म्हणून फिल्टर हवाच आणि तोही टाकीत जेवढे पाणी आहे त्याच्या दुप्पट-तिप्पट पाण्याच्या क्षमतेचा. टाकीबाहेर बसवायचा डब्याचा फिल्टर महाग पडतो, पण कासवासाठी तोच टिकतो.

फिल्टरच्या स्पंजात उपयोगी जीवाणू वस्ती करतात. ते अमोनियाचे रूपांतर कमी घातक पदार्थांत करतात. ही वस्ती जमायला काही आठवडे लागतात. तोपर्यंत पाणी जास्त वेळा बदलावे लागते. स्पंज नळाखाली खसाखसा धुतला तर क्लोरीनने हे जीवाणू मरतात आणि सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते. टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात स्पंज पिळावा.

आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी बादलीत एक दिवस उघडे ठेवून मग घालावे, किंवा क्लोरीन काढणारे औषध वापरावे. म्हणजे मोठ्या टाकीला दर आठवड्याला सुमारे शंभर लिटर पाणी. ज्या वस्तीत पाणी टँकरने येते, जिथे बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतात, त्या वस्तीत हे गणित बसते का, याचा विचार घरातल्या मोठ्यांनी करावा. वजू करतानाही पाणी उधळू नये अशी आपल्याला शिकवण आहे. काढलेले पाणी गटारात न सोडता शोभेच्या झाडांना घातले तर खताचे काम करते. कोथिंबीर-पुदिन्याच्या कुंडीला मात्र घालू नये. कारण पुढे येतेच आहे.

पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश ठेवावे. मुंबईत हे आपोआप जमते. नाशिक, पुणे, औरंगाबादच्या थंडीत पाणी गार पडले की कासव खाणे सोडते आणि लहान पिल्लांना सर्दी होऊन ती छातीत उतरते. तिथे थर्मोस्टॅट असलेला हीटर लावावा आणि त्याला प्लास्टिकचे आवरण घालावे. पाणी आणि वीज एकत्र आली की धोका आहेच. प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोल घेऊन वर जाईल अशी ठेवावी, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगात जात नाही. पाण्यात हात घालण्याआधी सगळी बटणे बंद करावीत. घरात ईएलसीबी नसेल तर आधी तो बसवून घ्यावा.

टाकीच्या तळाला बारीक खडी टाकू नका. कासव ती गिळते आणि आतडे बंद होते. तळ उघडा ठेवा किंवा कासवाच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे ठेवा.

खाणे

पिल्लाला रोज आणि मोठ्या कासवाला एक दिवसाआड खायला द्यावे. कासवासाठी बनवलेले दाणे त्याच्या डोक्यात मावतील एवढेच. लहानपणी त्याला प्रथिने जास्त लागतात. वाढत्या वयाबरोबर त्याचा कल पाल्याकडे जातो. जलकुंभीचा पाला, लेट्यूस, किसलेले गाजर, लाल भोपळा चालतो. पालक रोज देऊ नये, त्यामुळे कॅल्शियम अडते. भात, चपाती, पाव, दूध आणि बिर्याणीतले तुकडे तर मुळीच नकोत. कॅल्शियमसाठी समुद्रफेन, म्हणजे एका सागरी जिवाच्या अंगातले पांढरे हलके हाड, पाण्यात तरंगत ठेवावे. पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात ते मिळते.

एका टाकीत एकच कासव ठेवलेले बरे. दोघांत भांडणे होतात, एकमेकांची नखे आणि शेपट्या तोडली जातात. मोठी मादी नराशिवायही अंडी घालू शकते. ती अस्वस्थ होऊन ओरखडू लागली तर तिला वाळू-मातीचा खोल डबा द्यावा. सुजलेले डोळे, नाकातून बुडबुडे, एका बाजूला कलून पोहणे, तोंड उघडून श्वास घेणे आणि मऊ पडलेले कवच या खुणा दिसल्या तर घरगुती इलाज न करता जनावरांच्या डॉक्टरकडे जावे.

मुलांच्या तब्येतीसाठी

निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. कासवाला त्यांचा त्रास होत नाही, माणसाला मात्र जुलाब, ताप आणि पोटात मुरडा येतो, आणि लहान मुलांत हे जिवावर बेतू शकते. अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ पासून बंदी आहे, ती याच कारणाने. लहान पिल्लू मुले सहज तोंडाजवळ नेतात. आपल्या दुकानांत नेमकी तीच पिल्ले विकली जातात.

ज्या घरात पाच वर्षांखालचे मूल, गरोदर बाई, वयस्कर दादी किंवा आजारी माणूस आहे, तिथे कासव न आणणेच शहाणपणाचे. आणलेच तर त्याचे चुंबन घेऊ देऊ नये. टाकीचे सामान स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नये. त्यासाठी बादली, ब्रश आणि फडके वेगळे ठेवावे. हात लावल्यावर दर वेळी साबणाने धुवावेत. नंतर वजू करायचाच आहे म्हणून साबण टाळू नये.

नको झाले तर?

काही वर्षांत पिल्लू थाळीएवढे होते, पाण्याला वास येऊ लागतो, मुलाची दहावी येते. मग एका संध्याकाळी अब्बा ते पिशवीत घालतात आणि जवळच्या तलावात सोडून येतात. मनात भावना चांगली असते, एका कैद्याला आझाद केले अशी. काही जण तर सवाब समजून सोडतात.

यात सवाब नाही, नुकसान आहे. हे कासव आक्रमक आणि काटक आहे. देशी कासवांचे अन्न आणि उन्हात बसायच्या जागा ते बळकावते आणि रोगही पसरवू शकते. जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक परकीय प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात थांबवली. आपल्या देशात गुवाहाटीजवळच्या दीपोर बील सरोवरात आणि केरळातल्या पाणवठ्यांत ते सापडले आहे. तिथवर ते पोहत आले नाही, कोणीतरी नेऊन सोडले. ज्या कासवाला विहिरीतून काढणे गुन्हा आहे, त्याच्याच घरात आपण हा पाहुणा घुसवतो.

नको झाले तर जनावरांच्या डॉक्टरकडे किंवा शहरातल्या प्राणिमित्र संस्थेकडे चौकशी करा. महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवरही मार्गदर्शन मागता येते. जागा मिळेपर्यंत त्याला सांभाळणे आपल्यावर आहे.

हक्काची गोष्ट

घरात प्राणी पाळायला इस्लामने मनाई केलेली नाही. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर एका छोट्या पाखराशी खेळत असे. ते पाखरू मेल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या मुलाची प्रेमाने विचारपूस केली होती. मुलाला प्राण्याचा लळा लागणे ही वाईट गोष्ट नाही, हे या प्रसंगातून कळते. पण मांजर कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीसही आपण सगळे जाणतो. तिने मांजराला ना खायला दिले, ना मोकळे सोडले, आणि तिला त्याची शिक्षा मिळाली. चार बोटे पाण्याच्या, बिनउन्हाच्या भांड्यात हळूहळू मरणारे कासव हा प्रसंग त्या हदीसपासून फार दूर नाही. फरक एवढाच की कासव ओरडत नाही.

सातव्या हिजरी शतकातले दमास्कसचे मोठे आलिम इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांनी माणसावर जनावरांचे कोणते हक्क आहेत ते मुद्देसूद लिहून ठेवले आहे. त्यात पहिलाच हक्क खर्चाचा आहे. जनावर म्हातारे झाले, आजारी पडले, त्याचा काही उपयोग उरला नाही, तरी त्याच्यावरचा खर्च मालकाने करायचाच. आपण कासव 'उपयोगा'साठी आणत नाही, हौसेसाठी आणतो. हौस फिटली तरी हक्क उरतो.

म्हणून मुलाने कासव मागितले तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच हो पण म्हणू नका. टेप घेऊन घरातला कोपरा मोजा. पाणी, वीज, दिवा आणि फिल्टर यांचा खर्च मुलाला कागदावर लिहू द्या. पुढच्या वीस वर्षांत घरातले कोण कुठे असेल ते त्याला विचारा. हिशेब जमला तर आधी टाकी बसवा, फिल्टर चालू करून पाणी आठवडाभर बघा आणि मगच दुकानात जा. नाही जमला तर त्या ईदीतून गच्चीवर पाखरांसाठी मातीचे एक पसरट भांडे आणा आणि रोज सकाळी त्यात पाणी भरायचे काम मुलाकडे द्या. तिथे येणाऱ्या चिमण्या कोणाच्या मालकीच्या नसतात, पण त्यांची तहान भागवण्याचा सवाब घरात येतो.